शब्द सुचेनासे होतात तेव्हा

यकृत बिघडलं की कावीळ होते, पोटात पाणी होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यानं माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. मला सिरॉसिस आहे, म्हणून सांगतो.

आतड्यातले जीवाणू अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. माझ्या यकृताला ते पुरतं जमत नाही. अमोनिया रक्तातून मेंदूत पोचतो. आधी झोप उलटी झाली. रात्री टक्क जागा, दिवसा पेंग. नमाजात किती रकाती झाल्या ते कळेना. अक्षर बिघडलं, पुढे केलेले हात फडफडू लागले. कविता तर दूरच, पत्ताही लिहिता येईना.

मुरुडात कुजबुज झाली, ‘चाचा प्यायला लागले.’ मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. माझं यकृत हिपॅटायटिस सी या विषाणूनं खाल्लं. कुणी तावीजही सुचवला. पत्नीनं मात्र मला डॉक्टरांकडे नेलं.

आता रोज लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध घेतो. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हावं लागतं. सोबत रिफॅक्सिमिनच्या गोळ्या असतात. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, झोपेची गोळी, यांतल्या कशानंही गोंधळ परत येतो. पूर्वी अशा रोग्याचं डाळ-दूध बंद करत. आता तसं करत नाहीत, कारण स्नायूही अमोनिया निकामी करतात आणि त्यांना प्रथिनं लागतात. फार वेळ उपाशी राहायचं नाही, झोपण्यापूर्वी थोडं खायचं. आजाऱ्याला रोजातून सवलत आहेच.

डॉक्टर एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावतात. पत्नी सकाळी चहाबरोबर माशांची विचारते. सुरमई, हलवा, बोंबील, मांदेली... मी अडखळलो की ती वाद घालत नाही. औषध झालं का, पोट साफ झालं का, एवढं पाहते आणि डॉक्टरांना फोन करते. वेळेवर उपचार झाले की बहुधा माणूस भानावर येतो.

श्रोतेहो, २०१८पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचार मोफत मिळतात. तपासणी करून घ्या. आणि घरातलं यकृताचं दुखणं असलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.