मैदानाकाठचा शेजार



आपल्या शाळेच्या दिवंगत क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. सरांनी मला फुटबॉल शिकवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तो निष्फळ ठरल्यावर ते एवढेच म्हणाले, “तुला खेळता येत नाही, निदान बघायला तरी शीक.” ही आज्ञा मी आजवर इमानाने पाळली आहे. म्हणूनच आज मी खेळाडूंविषयी न बोलता प्रेक्षकांविषयी बोलणार आहे.

गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांना दिले जाते. 1883 साली शिवोलीत त्यांनी या खेळाचा प्रारंभ केला, असे मानतात. पुढे 2012 साली शासनाने तो राज्याचा खेळ म्हणून घोषित केला. या दीर्घ इतिहासात क्लबांची, गोलांची आणि चषकांची नोंद झाली. पायऱ्यांवर बसलेल्या माणसांची मात्र झाली नाही. मडगावनजीक फातोर्ड्याचे स्टेडियम 1989 साली उभे राहिले आणि थोड्याच काळात तेथील एका कोपऱ्यात आमचा पाच-सहा जणांचा जथा जमू लागला. त्यात एक निवृत्त परिचारक होता, एक वकिलाचा कारकून, एक बसचालक, एक पोदेर आणि शाळेत नोकरी करणारा मी. कोणी साळगावकरांचा, कोणी धेंप्यांचा, तर कोणी चर्चिलचा. कोणाच्या घरी देव्हारा, कोणाच्या घरी क्रूस. एकमेकांची पूर्ण नावेही आम्हांला पुष्कळ उशिरा कळली.

आरंभी बोलणे खेळापुरतेच असे. मग एके दिवशी बसचालक सामना अर्धा टाकून उठला. वडिलांना रात्री एकटे ठेवता येत नाही, एवढेच त्याने सांगितले. पुढच्या सामन्याला तो दिसताच पोदेराने विचारले, “बापूय कसो आसा?” त्या दिवसापासून आमच्या मध्यंतराचा विषय बदलला.

मित्रहो, आपल्याकडचा प्रौढ पुरुष घरातली अडचण सहसा बोलून दाखवीत नाही. नातेवाइकांना सांगावी तर ती गावभर होते आणि डॉक्टरांसमोर सुचत नाही. मैदानाकाठी ती सहज बोलली जाते. याचे कारण मला असे वाटते की तेथे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नसतो. डोळे मैदानावर असतात आणि बोलणे शेजाऱ्याशी चाललेले असते. शिवाय मध्यंतर पंधरा मिनिटांचे. तेवढ्यात दुःख उगाळता येत नाही. नेमका प्रश्नच विचारावा लागतो.

हे प्रश्न वरवर क्षुल्लक असत. रात्री उठताना वडील पडतात, काय करावे? परिचारक सांगे, न्हाणीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, घसरणारी पायपुसणी उचला, भिंतीला धरायला दांडा बसवा आणि झोपेतून उठल्यावर त्यांना दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसू द्या, एकदम उभे करू नका. तीन डॉक्टरांची औषधे चालू आहेत, गोंधळ होतो. त्यावर तो म्हणे, सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा आणि तोच कागद तिघांनाही दाखवा. म्हातारी आई घर मुलाच्या नावावर करून द्यायला निघाली आहे. कारकून सांगे, सांभाळ करण्याची अट त्या लेखात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडिलांच्या निर्वाहाचा जो कायदा 2007 साली संसदेने केला, त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, अशी अट असून ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. ही माहिती मला प्रथम मिळाली ती एका कॉर्नर किकच्या वेळी.

हा प्रश्न काही आमच्या कोपऱ्यापुरता नव्हता. 2011 च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात शंभरात साडेआठच्या आसपास होते, तर गोव्यात ते अकराच्या वर होते. त्यातच आपली तरुण मुले आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात. पोदेराचा धाकटा भाऊ आखातातून दरमहा न चुकता पैसे पाठवी. पोदेर म्हणे, “पैसे पोचतात, पण रात्री आईला कुशीवर वळवायला दोन हात लागतात, ते कोण पाठवणार?”

इथवर मी आमच्या मैत्रीची गोड बाजू सांगितली. दुसरी बाजू सांगितली नाही, तर सरांच्या स्मृतीशी ती प्रतारणा ठरेल.

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा विकार होता. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी त्यांना चालू होती. एका मध्यंतरात आमच्यापैकी एकाने छातीठोकपणे सांगितले, “मीठ पूर्ण बंद करा. माझ्या चुलत्याला फार गुण आला.” परिचारक त्या दिवशी आला नव्हता. मी घरी गेलो आणि वडिलांच्या जेवणातले मीठ बंद करण्याचा हुकूम सोडला. सकाळच्या पेजेबरोबरची मिसकुटाची फोड गेली, आमटीतले मीठ गेले. माझी पत्नी म्हणाली, “बाबांना घास उतरत नाही. डॉक्टरांना विचारलंत का?” मी तिला गप्प केले. चार लोकांत ऐकलेला सल्ला मला घरातल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा खरा वाटला.

तीन आठवड्यांनी वडील असंबद्ध बोलू लागले. मला ते ‘तू कोण?’ म्हणून विचारू लागले. मी समजलो, वय झाले; आता हे असेच चालायचे. त्या रविवारी फातोर्ड्याला गेलो आणि कोणी विचारले म्हणून सांगितले. सगळ्यांनी माना हलवल्या. परिचारकाने मात्र विचारले, “कधीपासून?” मी म्हटले, “परवापासून.” त्यावर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, “म्हातारपण दोन दिवसांत येत नाही. अचानक भ्रम झाला म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या.” दुसरा अर्धा खेळ त्याने पाहिला नाही, मीही नाही. रक्ततपासणीत सोडियम फार खाली गेल्याचे निघाले. गोळीने आधीच मीठ बाहेर पडत होते आणि आतले मी बंद केले होते. उपचारांनी आठवड्याभरात वडील सावरले. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितले असेल? मिसकूट. पुढे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या बेताच्या मिठावर ते चार वर्षे जगले.

ज्या पायरीवर मला चुकीचा सल्ला मिळाला, त्याच पायरीवर मला सावरणारा माणूसही भेटला. या प्रसंगानंतर आमच्यात न लिहिलेले तीन नियम पडले. आपल्या घरी काय घडले ते सांगावे; दुसऱ्याने काय करावे ते सांगू नये. औषध आणि पथ्य यांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा, तेवढे मात्र जरूर सुचवावे. आणि घरी जी व्यक्ती प्रत्यक्ष सेवा करते, तिला आधी विचारावे. हा तिसरा नियम माझ्यामुळे पडला. आमच्या कोपऱ्यात सगळे पुरुष होते; पण ज्यांच्या अनुभवावर आम्ही बोलत होतो, त्या बहुतेक स्त्रिया होत्या आणि त्या घरी होत्या. अंथरूण त्या बदलत, पेज त्या भरवत आणि चर्चा आम्ही करीत असू.

काळ पालटला. 2014 साली एफसी गोवा आला, 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आमच्या जथ्यातले दोघे आज हयात नाहीत. ज्या वडिलांविषयी आम्ही बोलत होतो, त्यांच्या वयाला आता आम्हीच पोचलो आहोत. आमचे मुलगे कोणाजवळ बोलत असतील, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो.

माजी विद्यार्थ्यांनो, सरांचे स्मारक म्हणून आपण हे व्याख्यान योजता, ते उचितच आहे. माझी विनंती लहानशी आहे. व्याख्यानानंतर बाहेर व्हरांड्यात चहा आहे. त्याला लागणारा वेळ मध्यंतराएवढाच. पूर्वी तुमच्या बाकावर बसणारा सोबती तेथे भेटला, तर नोकरी आणि बढती यांची चौकशी अवश्य करा, पण त्याआधी त्याला एवढे विचारा, “घरी आई-वडील कसे आहेत?” तो “बरे आहेत” म्हणून पुढे निघाला, तर लगेच वाट सोडू नका. थोडे थांबा. आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.