टायटसव्हिलचे तिकीट

श्रोतेहो, पत्र वाचून झाले की पाकिटावरचे तिकीट आपण टाकून देतो. पण इतिहासाचे एखादे पान त्या चिमुकल्या कागदावरही मावते. आज असेच एक तिकीट पाहू या.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल नावाचे गाव आहे. तेथे २७ ऑगस्ट १९५९ रोजी चार सेंटांचे एक तपकिरी तिकीट प्रसिद्ध झाले. त्यावर तेलविहिरीचा उंच मनोरा आहे, आणि १८५९ व १९५९ ही साले आहेत. या गावी खनिज तेलाची विहीर लागली, त्याचा हा शतकोत्सव.

तुम्ही म्हणाल, त्या परक्या गावचे आम्हांला काय? तर ऐका. आपला ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल, यावरूनच आला. आपल्या आजोबांच्या कंदिलात जळत होते ते खनिज तेलातूनच काढलेले.

टायटसव्हिलची विहीर पाडली एडविन ड्रेक याने. हा काही शास्त्रज्ञ नव्हे, रेल्वेतला जुना कंडक्टर! खणू लागावे तो माती ढासळे, पाणी भरे. लोक हसत. मग त्याने युक्ती केली. लोखंडी नळ थेट खडकापर्यंत ठोकत नेला आणि नळातून खाली भोक पाडले. विल्यम स्मिथ नावाचा लोहार त्याच्या हाताशी होता. सुमारे ७० फुटांवर तेल लागले.

पुढे तेलावर कितीतरी लोक गबर झाले. ड्रेकने मात्र आपल्या युक्तीचे पेटंट घेतले नव्हते. होता तो पैसाही सट्ट्यात गेला. अखेर १८७३ साली राज्याने त्याला वर्षाला १,५०० डॉलर बांधून दिले. १८८० साली तो वारला.

तिकिटावर मनोरा आहे, ड्रेक नाही. मग लोहाराची काय कथा!

शिक्षकबंधूंनो, मुलांना तिकीट दाखवाल तेव्हा त्यावर काय आहे हे विचाराच. पण काय नाही, हेही विचारा. आणि गावच्या विहिरीकडे न्या. बांधून देणाऱ्याचे नाव दगडावर असेल. खणणारे कोण, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असेल. ते माणूस आहे तोवर विचारून घ्या, आणि शाळेच्या वहीत लिहून ठेवा.