रात्रीचे दुखणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'रात्रीचे दुखणे' असे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "कोणत्या अवयवाचे?" प्रश्न रास्त होता. पण आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे त्याचा अवयव ठरलेला नसतो. ते आज डाव्या खांद्यात, उद्या बरगडीखाली, तर परवा मानेच्या मागे असते. वेळ मात्र ठरलेली. घरातली माणसे झोपली की ते जागे होते.

आरंभीच एक सांगून टाकतो. हे दुखणे खोटे नसते. "मनाचे खेळ आहेत, झोप आता" असे म्हणून कूस बदलणारे नातलग, आणि "सगळे रिपोर्ट नॉर्मल" म्हणून कागद परत सरकवणारे डॉक्टर, या दोघांवरही असा मनुष्य रागावलेला असतो. हा राग आम्हांला अनाठायी वाटत नाही. दुखते ते खरेच दुखते. रात्री त्याचा जो अर्थ लावला जातो तो मात्र तपासून पाहावा लागतो.

अर्थाने वेदना कमीजास्त होते, ही काही आमची कल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने जखमी सैनिकांची विचारपूस केली. मोठमोठ्या जखमा असूनही त्यांतील पुष्कळांनी वेदनाशामक औषध नको म्हणून सांगितले. १९४६ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, असा बीचरने अर्थ लावला. पुढे १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी असे मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार लागते आणि मेंदू ते कमीअधिक उघडू शकतो. तपशील नंतर बदलले. मूळ कल्पना टिकली. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात देहाच्या व्याधींची लांबलचक यादी दिली आहे, ती 'आध्यात्मिक ताप' या सदराखाली. आजच्या वाचकाला हा शब्द तेथे पाहून नवल वाटते. पण देह, इंद्रिये आणि प्राण यांची दुःखे तेथे एकाच ठिकाणी मांडलेली आहेत, आणि ते आम्हांला फार समंजस वाटते.

आता रात्री काय घडते ते पाहा. दिवसा पाठ दुखतच असते. पण कुकरची शिट्टी, बँकेतली रांग, नातवाचा अभ्यास यांत तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. रात्री सारे शांत झाले की तीच कळ मोठी होते. मनात येते, "हे हृदयाचे तर नसेल?" हा विचार येताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपले काम सुरू करतात. नाडी जलद होते, श्वास भराभर चालतो. भराभर श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळे बोटांच्या टोकांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. म्हणजे भीतीनेच भीतीचा पुरावा तयार केला!

आणि मग उशीखालचा मोबाइल निघतो. जेरोम या इंग्रज लेखकाच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट' या विनोदी कादंबरीचा नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचे पुस्तक वाचतो, आणि एक गुडघ्याचा विकार सोडून जगातले सर्व रोग आपल्याला आहेत असे ठरवून बाहेर पडतो. त्याला निदान म्युझियमपर्यंत जाण्याचे श्रम तरी होते. आम्हांला पांघरुणातून हातही बाहेर काढावा लागत नाही.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. रात्री दोन वाजता उठून ते रक्तदाब मोजत. जास्त आला की भीती वाटे, मग पुन्हा मोजत; भीतीने तो आणखी चढे. शेवटी पत्नीला उठवीत. "अगं, काही नसेल ना?" "काही नाही हो, झोपा." या उत्तराने पंधरा मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा हाक. धीर देण्याचा हाच दोष आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील वॉरविक आणि साल्कोव्हस्किस या संशोधकांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले. वारंवार मागितलेला धीर क्षणभर शांत करतो आणि पुन्हा मागण्याची सवय वाढवतो. एकच जागा रात्रभर दाबून पाहण्याचेही तसेच. कोणाचीही निरोगी बरगडी शंभर वेळा दाबली तर सकाळी ती दुखणारच!

त्या पतिपत्नींनी एका दुपारी, दोघेही शांत असताना, करार केला. यंत्र पत्नीच्या कपाटात राहील. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच बाहेर निघेल. रात्रीच्या प्रश्नाला तिने एवढेच म्हणायचे, "अहो, हे आपण सकाळी बघायचं ठरवलंय ना?" पहिले काही दिवस गृहस्थ फार चिडले, बाईंनाही वाईट वाटे. आजही ते रात्री उठतात. पण पाणी पिऊन, खुर्चीत जरा बसून, श्वास सावकाश सोडीत पुन्हा अंथरुणावर जातात.

येथे कोणी म्हणेल, "आणि खरोखरच हृदयविकार असला तर?" या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. छातीतले दडपण गॅस समजून सोडा पिऊन सकाळची वाट पाहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतील काहींना सकाळ दिसली नाही. म्हणूनच हा निर्णय रात्रीच्या भीतीवर सोडू नये, तसा रात्रीच्या आळसावरही सोडू नये. दिवसा आपल्या डॉक्टरांशी बोलून एका कागदावर लिहून ठेवावे. छातीवर ओझे ठेवल्यासारखे दडपण, ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, धाप, तोंड एका बाजूस वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी, शुद्ध हरपणे. यांतले काही दिसले की विचार करीत बसू नये, १०८ क्रमांक फिरवावा. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार कधी छातीत न दुखताही येतो, नुसती धाप किंवा मळमळ होते, हेही त्या कागदावर असावे. शंका राहिलीच तर रुग्णालयात जाऊन हसे झालेले परवडते.

जे या कागदावर नाही ते सकाळपर्यंत थांबू शकते. पोटरीला गोळा आला तर पाऊल आपल्याकडे ओढून धरावे. हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, तेव्हा बहुधा मनगटातली नस दबलेली असते. जेवून लगेच आडवे झाल्यावर छातीत जळजळते त्याचे कारण रात्रीच्या जेवणाच्या वेळेत शोधावे. मात्र दुखणे आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहिले, वजन उतरू लागले, ताप येत राहिला, तर दिवसा दवाखाना गाठावा. वहीत तारीख, वेळ, जागा एवढी एक ओळ लिहून आणलीत तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. पानभर वर्णन नको!

इतके करूनही महिनोन् महिने रात्री अशाच जात असतील, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फेऱ्या होत असतील, तर त्या भीतीवरही उपचार आहेत. विचार आणि सवयी बदलण्याची मानसोपचारपद्धती येथे चांगली उपयोगी पडते. काहींना औषधही लागते. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते. तेथे फोन करणे म्हणजे वेड लागल्याची कबुली, असे समजणारे लोक अजून आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

कोणास काही विचारावयाचे असल्यास चिठ्ठीवर लिहून द्यावे. नाव घालण्याची गरज नाही.