म्हाताऱ्या झाडाला बहर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी पाळी आणि बीजांडकोश यांच्या गोष्टी कशाला, असे येथील काही वडीलधाऱ्या बायकांना वाटेल. पण हळदीकुंकवाच्या वेळी जी आपण होऊन मागे भिंतीशी जाऊन बसते, तिच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकविण्यात माझे आयुष्य गेले, तेवढ्याच अधिकाराने बोलते.

गेल्या उन्हाळ्यात वणीहून झरीला येताना एस.टी.त एक मावशी शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या सुनेची पाळी पस्तिशीच्या आतच बंद झाली. मूलबाळ नाही. शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले की, एक सुई दिली की बीजांडकोश पुन्हा तरुण होतो, उंदरांवर हे सिद्ध झाले आहे. त्या सुईपायी चार शेळ्या विकून झाल्या होत्या, आणि आता बैलजोडीची गोष्ट चालू होती. मावशींनी मला विचारले, "काहो बाई, तुम्ही विज्ञान शिकवलं म्हणता, तं सांगा, म्हाताऱ्या झाडाले पुन्हा बहर आणता येते काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी प्रवासात जमेल तसे दिले. आज जरा सविस्तर देते.

आपल्या घरी बियाण्याची कणगी असते ना, तसे स्त्रीच्या बीजांडकोशाचे समजा. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याजवळ साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, आणि न्हाण येते तेव्हा तीन-चार लाख. त्यांतली सारी मिळून चारशेच्या आसपास बीजे काय ती पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची जागच्या जागी विरून जातात. कणगी रिती होत आली की पाळी जाते. आपल्या देशात हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी घडते. पण शंभरात निदान एकीची कणगी चाळिशीच्या आतच संपते. त्यात तिचे पाप नाही, कोणाची दृष्ट नाही, आणि मागल्या जन्मीचे काही नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या सरकीची उगवण कमी होते, हे आपणांस ठाऊक आहे. स्त्रीबीजाचेही तसेच आहे. पस्तिशीनंतर बीजे कमी होतात, आणि उरलेल्यांचा कसही उतरतो.

मग ही कणगी पुन्हा भरता येईल काय? १९५१ साली झुकरमन या शास्त्रज्ञाने सारा पुरावा तपासून सांगितले की, जन्मानंतर नवीन बीज तयार होत नाही. पुढची पन्नास वर्षे सगळ्यांनी तेच मानले. २००४ साली अमेरिकेत टिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरावरील प्रयोगांतून त्याला आव्हान दिले. २००९ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी उंदरीच्या बीजांडकोशातून काही मूळपेशी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या वांझ केलेल्या उंदरींत त्या सोडल्या, आणि त्यांना पिले झाली असे प्रसिद्ध केले. आपल्या मुंबईतही, परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, डॉ. दीपा भारतीय यांनी हे काम हाती घेतले. ससा, मेंढी, माकड आणि मानव यांच्या बीजांडकोशांच्या आवरणात अत्यंत सूक्ष्म अशा मूळपेशी आढळतात, असे त्यांच्या गटाने २०११ मध्ये मांडले. मात्र भगिनींनो, या साऱ्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कित्येक प्रयोगशाळांना त्या पेशींपासून बीज होताना दिसलेलेच नाही.

दुसरी वाट आहे ती उरलेल्या बीजांचा कस सुधारण्याची. ऑस्ट्रेलियात २०२० साली वयस्क उंदरींना पाण्यातून एक द्रव्य पाजले, तेव्हा त्यांची बीजे सुधारली आणि त्यांना अधिक पिले झाली. येथे कणगी भरली नव्हती. उरलेल्या दाण्यांची उगवण तेवढी वाढली होती. म्हणजे ज्या कणगीत दाणाच नाही तेथे याचा काय उपयोग?

शिवाय उंदीर म्हणजे बाई नव्हे. उंदीर दोन-अडीच वर्षे जगतो आणि वर्षाच्या आत त्याची पिढी पुरी होते. त्याच्यावर जे वर्षभरात दिसते ते स्त्रीपर्यंत येण्यास किती काळ लागतो, याचे एक उदाहरण सांगते. बीजांडकोशाचा तुकडा काढून गोठवून ठेवावयाचा आणि नंतर परत बसवावयाचा, हा प्रयोग मेंढीवर १९९४ साली यशस्वी झाला. त्याच रीतीने बेल्जियममध्ये एका स्त्रीला मूल झाले ते २००४ साली. कर्करोगाचे उपचार सुरू होण्यापूर्वी तिचा तुकडा काढून ठेवलेला होता. तो तिचा स्वतःचा, तरुणपणीचा होता, हे ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या बीजांडकोशाला तरुण करणारी, सिद्ध झालेली सुई मात्र आजमितीस जगात कोठेही नाही. कोणी ती देऊ करीत असेल तर तो प्रयोग आहे. प्रयोगाला घरचे बैल विकावयाचे नसतात.

मग वाट बंदच आहे काय? तसेही नाही. १९८६ च्या ६ ऑगस्टला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा या मुलीचा जन्म झाला, आणि परळच्या त्याच संशोधन संस्थेचा त्या यशात वाटा होता. पुढे १९९१ च्या जानेवारीत, जिचे बीज संपले आहे अशा स्त्रीला दुसरीचे बीज देऊन मूल होण्याची देशातली पहिली घटनाही त्यांच्याच उपचारांनी घडली. कारण कणगी रिती झाली तरी जमीन पुष्कळ काळ कसदार राहते. आज यासाठी २०२१ चा कायदा आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय एकवीस ते पन्नासच्या दरम्यान असावे लागते, आणि केंद्राची नोंदणी झालेली असावी लागते. नोंदणीचा कागद मागण्यात संकोच करू नये. हे उपचार खर्चाचे आहेत आणि दर वेळी यश येतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

मी त्या मावशींना विचारले, "तुमच्या मुलाची तपासणी झाली काय?"

त्या म्हणाल्या, "त्याची कायले?"

भगिनींनो, सारे दुखणे या दोन शब्दांत आहे. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा जवळजवळ स्त्रीइतकाच असतो, आणि त्याची पहिली तपासणी साधी व स्वस्त असते. तरी सुईचे दुखणे आणि बोलण्याचे दुखणे, दोन्ही सुनेनेच सोसावयाचे!

आणि पाळी लवकर गेलेल्या मुलीला मूल हवे असो वा नसो, डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. तिची हाडे ठिसूळ होण्याची आणि हृदय दुबळे होण्याची भीती असते. त्यावर औषध आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोगाचा विभाग आहे, तेथे दोघांनीही जावे. विडीच्या धुरानेही पाळी एक-दोन वर्षे अगोदर जाते, तेव्हा आपल्यापैकी ज्या कोणी ओढत असतील त्यांनी आजच विचार करावा.

झरीच्या थांब्यावर उतरताना मावशी म्हणाल्या, "बैल नाही विकत मी. पोराले घेऊन जातो यवतमाळले." पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. पण म्हाताऱ्या झाडाला बहर येवो वा न येवो, त्या झाडाखाली बसलेल्या सुनेच्या मनावरचा भार तरी त्या दिवशी थोडा हलका झाला असेल, असे मला वाटते.

मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, भिंतीशी बसणाऱ्या त्या बहिणीला पुढे बोलवा आणि पहिले वाण तिच्या हाती द्या. त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.