दर्यावरचे ऊन आणि नौकेवरची सावली
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, सहकार, कोळीवाड्यांच्या जमिनी अशा थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंगतीत मी आज उन्हाचा विषय आणून बसवीत आहे, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वादळवाऱ्याशी झुंज घेतली, त्याला उन्हाचे भय काय सांगावे, असेही कोणी म्हणेल. त्या म्हणण्यातील अभिमान मला मान्य आहे. तथापि वादळ आले म्हणजे आपण नौका बंदरात आणतो. उन्हाकरिता आजवर कोणी नौका फिरविल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच उन्हाने आपल्याकडून काय नेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो थोडक्यात मांडावा आणि त्याबद्दल आपले कर्तव्य काय ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

अनुभवी माणूस म्हणतो, “हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत.” केसांचे राहू द्या, पण आपल्या कित्येक वृद्ध तांडेलांचे डोळे पांढरे होण्यास मात्र ऊनही कारण झाले असावे. उन्हात दोन वस्तू असतात, एक प्रकाश आणि दुसरी उष्णता. प्रकाशाची इजा सावकाश होते आणि ती आयुष्यभर साठत जाते. उष्णतेची इजा एका दुपारीतही प्राण घेऊ शकते. दर्यावरचा वारा अंगाला गार लागतो, त्यामुळे या दोहोंचीही जाणीव आपणांस उशिरा होते.

प्रथम प्रकाशाविषयी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत व अंगाला उष्णही लागत नाहीत, परंतु कातडी आणि डोळे यांना तेच अधिक अपाय करतात. दिवसभरातील या किरणांचा निम्म्याहून अधिक भाग सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत जमिनीवर येतो. पातळ ढगांतून ते बहुतांशी पार होतात. यास्तव आभाळ आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. कोरडी रेती त्यांचा सुमारे १५ टक्के भाग परत फेकते व लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. म्हणजे किनाऱ्यावर किंवा फेसाळ पाण्यात उभ्या असलेल्या माणसावर ऊन वरून पडते, तसेच खालूनही येते. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला येथे सूर्य भरदुपारी ऐन माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पावसाळी बंदीपूर्वीची शेवटची खेप साधण्याची आपली धांदल नेमकी त्याच दिवसांत असते.

आपला सावळा वर्ण हे निसर्गाने दिलेले चिलखत आहे. गोऱ्या लोकांत उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्यात पुष्कळ कमी आढळतो, हे खरे. परंतु हे चिलखत डोळ्यांपर्यंत पोचत नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात मासे, खेकडे व कालवे धरणाऱ्या ८३८ दर्यावर्दी लोकांचे डोळे तपासून १९८८ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांवर जन्मभरात दुप्पट अतिनील किरण पडले होते, त्यांना मोतीबिंदूच्या एका प्रकाराचा धोका सुमारे १.६ पट होता, असे त्यात आढळले. तो उपसागर आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेस असून तेथील सूर्य आपल्याइतका प्रखर नसतो, हे ध्यानात घ्यावे. याशिवाय डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून मांसाचा पापुद्रा हळूहळू बुबुळाकडे सरकण्याचा एक विकार आहे. ऊन, वारा व खारे तुषार सोसणाऱ्यांना तो विशेष जडतो आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवू शकतो. मोतीबिंदू काढता येतो, ही आधुनिक वैद्यकाची कृपा. परंतु दृष्टी अंधुक झालेल्या तांडेलाने रात्री बंदराचे दिवे पाहून नौका आत कशी आणावी?

आता उष्णतेविषयी. घाम वाळला तरच शरीर थंड होते. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. ती माणसे तेथे केवळ बसलेली होती. आपला खलाशी त्याच महिन्यात, तशाच दमट हवेत, उघड्या फळीवर जाळे ओढतो.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उष्णतेत राबण्याची सवय शरीराला लागण्यास सात ते चौदा दिवस लागतात, आणि विश्रांतीत ती हळूहळू मोडते. उष्माघाताचे बळी बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच पडतात. शिमग्याला आपल्या नौका किनाऱ्याला लागतात, घरोघर सण होतो आणि पुन्हा दर्यावर जावे तो उन्हाळा सुरू झालेला असतो. तेव्हा शिमग्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि नव्याने आलेल्या खलाश्याकडून दुपारचे काम बेताने घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा निपचित पडला, तर तो उष्माघात समजावा; त्याला आळशी किंवा प्यालेला समजून हिणवू नये. त्याला तत्काळ सावलीत घ्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. या कामी समुद्राचे पाणीही चालते आणि बर्फाची पेटी तर नौकेवर असतेच. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. प्रथम अंग थंड करणे, मग किनारा गाठणे, हा क्रम आहे. मदतीसाठी व्हीएचएफ संचाची १६ क्रमांकाची वाहिनी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक नौकेवर ठळक लिहून ठेवावा.

बंधुभगिनींनो, आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या वाडवडिलांच्या होडीला शीड होते. त्या शिडाची अर्धीमुर्धी का होईना, पण सावली पडे. यंत्र आले, शीड उतरले. बर्फ आला आणि पूर्वी भरती-ओहोटीच्या हिशेबाने घरी येणारी नौका आता अनेक दिवस बाहेर राहू लागली. या सुधारणेने आपले उत्पन्न वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण शीड उतरले त्या दिवशी सावलीही उतरली, आणि तिच्या जागी दुसरी उभारण्याचे कोणास सुचले नाही. आज नौकेवर केबिन असते. तीत सुकाणू आणि तांडेल असतो; खलाशी उघड्यावरच असतो. हा खलाशी आता पुष्कळदा आपल्या ज्ञातीचाही नसतो. कोणी पालघरच्या पाड्यावरून, कोणी उत्तर प्रदेशातून, तर कोणी नेपाळातून आलेला असतो. त्याला दर्या नवा, उन्हातले हे काम नवे, आणि मागणे मागण्याची भाषाही परकी. ज्ञातीच्या मेळाव्यात मी त्याचा कैवार घेतो, तो जाणूनबुजून. नौकेवर पाऊल ठेवणाऱ्याची जबाबदारी नाखव्याची, ही आपली जुनी रीत आहे. त्या रीतीत जात विचारीत नाहीत. मजुरी आणि जेवण जसे नाखवा देतो, तशीच सावली आणि पाणीही त्याने दिले पाहिजे.

हे करण्यास फार खर्च लागत नाही. जाळे ओढण्याच्या जागेवर जाड ताडपत्रीचे छत बांधावे. ते सखल असावे व वारा वाढताच गुंडाळता यावे, अन्यथा ते वारा धरून नौकेला कलविते. मासे निवडण्याचे काम होता होईल तो त्या छताखालीच करावे. आपली पारंपरिक टोपी डोके झाकते, पण तिला काठ नाही. डोळे, कान व मान यांच्या रक्षणार्थ चारी बाजूंनी तीन इंच काठ असलेली आणि हनुवटीखाली नाडीने बांधता येणारी टोपी हवी. पाण्यावरून येणारे किरण टोपी अडवीत नाही, म्हणून बाजूनेही डोळे झाकणारा चष्मा हवा. तो घेताना काच किती काळी आहे हे पाहू नये; अतिनील किरण रोखण्याची हमी पाहावी. अंगात सैल, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा गडद सदरा असावा. भिजलेला पातळ पांढरा गंजीफ्रॉक हे किरण पुरेसे अडवीत नाही. ओठ, नाक व हातांच्या पाठी यांना ३० किंवा अधिक संरक्षणांकाचे मलम लावावे आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे.

पाण्याचा हिशेबही डिझेलाप्रमाणेच निघण्यापूर्वी मांडावा. कष्टाच्या कामात माणशी तासाला सुमारे पाऊण लिटर पाणी लागते. म्हणजे सहा माणसांच्या आठ तासांना ३६ लिटर. तहान लागण्याची वाट न पाहता थोडथोडे पीत राहावे. घाम फार गेल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते द्यावे. मद्य हे तहानेवरचे औषध नव्हे. ते शरीरातील पाणी अधिकच घालविते.

माता-भगिनींना विसरून हा विषय पुरा होणार नाही. वलांडीवर बोंबील घालणारी, खळ्यावर जवळा पसरणारी आपली भगिनी तितकेच ऊन सोसते आणि रेतीवरून उसळणारे किरणही तिच्याच डोळ्यांवर येतात. डोक्यावरच्या पदराने डोळे झाकले जात नाहीत. पुरुषांसाठी जे सांगितले ते सारे तिलाही लागू आहे. शक्य तेथे हे काम दहाच्या आत व उन्हे कलल्यावर करावे.

शेवटी कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. जून आणि जुलै या बंदीच्या महिन्यांत नौका किनाऱ्यावर असतात. त्या काळात कोळीवाड्यांतून नेत्रतपासणीची शिबिरे भरवावीत आणि त्यांत चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांबरोबर गावी न गेलेल्या खलाश्यांनाही बोलवावे. नारळी पौर्णिमेला आपण नौका रंगवितो, सजवितो आणि दर्याला नारळ अर्पण करतो. त्याच दिवशी प्रत्येक नाखव्याने आपल्या नौकेवर छत बांधले आहे ना, पाण्याची पिंपे भरली आहेत ना, आणि प्रत्येक खलाश्याच्या डोक्यावर काठाची टोपी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. एवढे झाले तर माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.