तारखांचा घोळ
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. मंडळाच्या बचतीचा हिशेब २०२४ च्या एप्रिलपासून मी मुलीच्या जुन्या संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवते. त्यात माझ्या हातून जी चूक झाली, तीच आज सांगणार आहे.

आपला हप्ता महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचा. उशीर झाला तर २० रुपये दंड. त्या जुलैचा हिशेब करताना १० जुलैनंतरच्या नोंदी मी संगणकाकडून निवडून घेतल्या, नावे तेवढी उतरवली आणि भर सभेत वाचली. त्यात पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या आपल्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आषाढी एकादशीच्या कितीतरी आधी दिले मी." मी म्हटले, "काकू, यंत्र कसे चुकेल?" त्यांनी निमूट दंड भरला आणि पुढच्या दोन सभांना त्या आल्या नाहीत.

मला चैन पडेना. वही काढली, तर माझ्याच अक्षरात '८ जुलै'. पडद्यावरही ८/७/२०२४ च दिसत होते. मग त्यांचे नाव यादीत आले कसे?

मुलीने उलगडा केला. एक्सेल तारखेचा नुसता आकडा ठेवते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे रोज एकेक वाढवायचा. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे त्याच्या लेखी १७३९४! आपल्याला दिसते ते त्या आकड्याला नेसवलेले लुगडे. मुलीने 'जनरल' हा प्रकार निवडून ते उतरवले, तर काकूंच्या रकान्यात ४५५११ निघाले. ८ जुलैचा आकडा ४५४८१. तीस दिवसांचा फरक! संगणक अमेरिकेच्या रीतीवर लावलेला होता. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. म्हणून ८/७ हे त्याने ७ ऑगस्ट असे वाचले. ८, ९ आणि १० तारखेला पैसे देणाऱ्या सगळ्याजणी अशा उशिराच्या ठरल्या. १५/७ मध्ये मात्र त्याला पंधरावा महिना सापडेना, म्हणून ती नोंद त्याने नुसती अक्षरे समजून निवडीतून वगळली. आणि बायांनो, १५ तारखेला हप्ता भरणारी मीच होते!

दुरुस्ती अशी केली. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडून 'इंग्लिश (इंडिया)' निवडले. पण त्याने पुढचे सुधारते, आधी उलट वाचलेल्या तारखा तशाच राहतात. त्या मी वहीवरून पुन्हा घातल्या. वही टाकली नव्हती म्हणून निभावले. अक्षरे होऊन बसलेल्या नोंदी सहसा डाव्या कडेला चिकटतात, खऱ्या तारखा उजव्या. डावीकडच्या तेवढ्या निवडायच्या, 'डेटा'मधले 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडायचे, दोनदा 'नेक्स्ट', मग 'डेट'पुढे 'डीएमवाय' निवडून 'फिनिश'. आता महिना आकड्यात न दाखवता अक्षरांत दाखवायचे ठरवले आहे, म्हणजे कोणालाही वाचता येईल. तारखेच्या जागी नुसत्या जाळ्या दिसल्या तर मात्र घाबरू नका. रकाना अरुंद झालेला असतो. त्याची कड ओढून रुंद केली की झाले. मी त्यापायी एकदा सबंध पान पुसून बसले होते!

काकूंच्या घरी जाऊन २० रुपये परत दिले आणि माफी मागितली. बाकीच्यांचेही दिले, माझा दंड मी भरला. एप्रिल ते जूनच्या नोंदी अजून तपासायच्या आहेत. ज्यांनी त्या महिन्यांत दंड भरला असेल, त्यांनी पावती घेऊन पुढच्या मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे. पावती हरवली असली तरी यावे, वही आहे.