आधी पाय, मग आरसा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, कार्यवाह, आणि पंख्याखालच्या जागा पटकावून बसलेल्या चतुर श्रोत्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'नवशिक्यांचा वजनी व्यायाम : पायांच्या व्यायामांची निवड आणि मांडणी'. एवढ्या लांब विषयाला मिळाली पन्नास मिनिटं, त्यातली दहा हारतुऱ्यांत गेली. (हशा) म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. जिममधला तो 'लेग डे' नवशिक्याच्या वेळापत्रकातून काढा. पायांना आठवड्याचा एक वार नको, जितक्या दिवशी जिमला जाल त्या प्रत्येक दिवसाची सुरुवात द्या.

मांडीत कोणते स्नायू, पोटरीत कोणते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते सोडतो.

आपल्या पोरांचं वेळापत्रक कसं असतं? सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, मग खांदे, मग बायसेप. पाय शनिवारी. आणि शनिवारी नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं! (हशा) ही वाटणी मुरलेल्या बॉडीबिल्डरांची. त्यांची एका दिवसाची मेहनतच एवढी असते की तो भाग सावरायला बरेच दिवस लागतात. नवशिका रिकामा बार घेऊन बसतो-उठतो. तो दोन दिवसांत ताजातवाना होतो. त्याला आठवडाभर थांबवलं की दोन तोटे. वजन घेऊन नीट बसणं हे कौशल्य आहे, ते सात दिवसांनी अर्धं विसरलेलं असतं. दुसरं, मोठ्या खंडानंतर मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग पुढच्या शनिवारी लग्न नसलं तरी पोरगं येत नाही.

पुढच्या रांगेतले वस्ताद मघापासून मान हलवताहेत. होकाराची आहे की नकाराची, कळत नाही. (हशा) वस्ताद, बैठकांवर माझा राग नाही. तालमीत पाय कधीच शनिवारवर ढकलले नाहीत, रोज मारले. माझं म्हणणं तुमच्याच घरचं आहे. फरक एवढाच की बैठकेत टाचा उचलतात, गुडघे पुढे झेपावतात, आणि प्रगती म्हणजे आकडा वाढवणं. शंभराच्या दोनशे. त्यानं दम वाढतो, आणि कुस्तीला दम लागतोच. पण निव्वळ ताकद हवी असेल तर आकडा पाच-आठवर ठेवून वजन वाढवावं लागतं. तिथे बारबेलच्या स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला चिकटलेली हवी.

तेवढ्यात एक आजोबा म्हणतील, 'गुडघे जातील!' म्हणालेच बघा. आजोबा, ही भीती बरीचशी अमेरिकेतून आली. १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वजन उचलणाऱ्यांचे गुडघे स्वतः बनवलेल्या उपकरणानं मोजले, आणि खोल बसण्यानं सांध्याचे अस्थिबंध सैल होतात असं मांडलं. एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं ते उचललं आणि पूर्ण खाली बसणं हा अपराध ठरला. पुढे इतरांनी मोजून पाहिलं, तेव्हा ते सैलपण सापडलं नाही. पण भीती जी चिकटली ती चिकटली. गंमत बघा, आपण उकिडवं बसून भाजी निवडणारी, अंगण सारवणारी माणसं. आपल्याला खाली बसायला कुणी शिकवायचं? अन् आपणच जिममध्ये अर्ध्यातून वर येतो! सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. स्नॅचला ११३, क्लीन अँड जर्कला १३५, एकूण २४८. सुवर्ण एका किलोनं हुकलं. (टाळ्या) त्या १३५ मधला पहिला भाग काय असतो? बार खांद्यावर झेलून तळापर्यंत बसायचं आणि तिथून उठायचं. हो, गुडघा आधीच दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग मी. एवढं म्हणावंच लागतं, सभागृहात दोन अस्थितज्ज्ञ बसलेत. (हशा)

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' कार्यवाह, गुडघ्यांनी खाल्ली हो वेळ! तर भराभर लिहून घ्या.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिन्ही दिवशी पहिला व्यायाम स्क्वॉट, कारण तेव्हा अंगात जोर असतो आणि चित्त जाग्यावर असतं. सुरुवात गॉब्लेट स्क्वॉटनं करा : एक डंबेल छातीशी धरायचं, कोपरं गुडघ्यांच्या आत. तोल आपोआप शिकता येतो. डंबेल धरणं अवघड व्हायला लागलं की बार. तो २० किलोचा असतो. बायकांसाठी १५ चाही मिळतो, जिमवाल्याकडे मागा. पाच ते आठ रेप्सचे तीन सेट. सगळे नीट झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो जास्त, नाहीतर तेच वजन पुन्हा.

स्क्वॉटनं मांडीचा पुढचा भाग कामाला लागतो, मागचा मागेच राहतो. म्हणून दुसरा व्यायाम कमरेतून वाकण्याचा. सोमवारी रोमानियन डेडलिफ्ट, हलकं, पाठ सरळ ठेवून. शुक्रवारी जमिनीवरून डेडलिफ्ट, जड, पण एकच सेट. तो सगळ्या अंगाला थकवतो. बुधवारी त्या जागी लंज किंवा स्टेप-अप, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जिवावर किती जगतोय ते कळतं. (हशा) छाती, पाठ, खांदे यानंतर. लेग एक्स्टेंशन, लेग कर्ल ही यंत्रं वाईट नाहीत, पण पहिले तीन महिने त्यांच्याकडे फिरकू नका. त्यांच्यावर बसून मोबाइल बघता येतो हाच त्यांचा मोठा दोष.

लेग प्रेसबद्दल... नाही, अध्यक्ष उठायला लागले. लेग प्रेस आणि पोटऱ्या राहिल्या. ज्यांना हवंय त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी गाठा. तिथे स्क्वॉटही करून दाखवीन, वस्ताद कप धरणार असतील तर.